संडास काळी झाली तर घरी थांबू नका

जठराच्या किंवा लहान आतड्याच्या भिंतीत होणाऱ्या एका गाठीला डॉक्टर ‘जिस्ट’ म्हणतात. तिच्यावर इमॅटिनिब नावाची गोळी देतात. ही नेहमीची किमो नव्हे. गाठीला वाढवणारा पेशीतला संदेश ती अडवते. जेवणासोबत रोज घरीच घ्यायची असते. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीला या औषधाचे पेटंट नाकारले. तेव्हा कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या वर पडत होती, भारतीय कंपन्यांची १० हजारांच्या आसपास. म्हणून ती आज मजुराच्या घरातही येऊ शकते.

गोळी घरात येते, पण तिचा धोका घरच्यांना कोणी नीट सांगत नाही, ही आमची तक्रार आहे.

औषध लागू पडले की गाठ आतून मरते, मऊ होते. कधी तिच्यातून पोटात किंवा आतड्यात रक्त वाहू लागते. सगळ्यांना असे होत नाही. पण मोठ्या गाठीत, सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त जपावे लागते.

आपल्या विदर्भात सिकलसेल अनेक घरांत आहे. त्यामुळे चेहरा पांढरा पडला, दम लागला, चक्कर आली, तर ‘रक्त कमीच आहे’ म्हणून सोडून दिले जाते. अंग दुखले की मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणली जाते. डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नका.

डांबरासारखी काळी, चिकट संडास, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, अचानक पोट दुखणे वा फुगणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी सेवाग्राम, सावंगी किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. १०८ ला फोन करा. लोहाच्या गोळीनेही संडास काळी होते, पण कारण काय ते घरी ठरवू नका. गोळीचे पाकीट आणि जुने रिपोर्ट सोबत न्या. मनाने औषध बंद करू नका. ते डॉक्टर ठरवतील.

आमचे म्हणणे एवढेच: गोळी सुरू करण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासावे आणि आकडा घरच्यांना लिहून द्यावा. सिकलसेलच्या रुग्णाचा आकडा आधीच कमी असतो. तो आणखी घसरला हे जुना आकडा असल्याशिवाय कळणार कसे? धोक्याची लक्षणेही दवाखान्याने मराठीत, कागदावर द्यावीत. ती दिली नाहीत तर मागून घ्या. विचारायला लाजू नका.