काखेत कळसा, गावाला वळसा

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली, की मुंबईकर मुंबईतून पळ काढतो. पहाटेच्या अंधारात निघालेली मोटार द्रुतगती मार्गावरच्या रांगेत अडकते, बोरघाट मुंगीच्या पावलांनी चढते आणि दुपारी केव्हातरी लोणावळ्याला टेकते. तेथे पाहावे, तो जिच्यापासून पळालो ती मुंबईच आधी येऊन बसलेली! तीच गर्दी, तेच भोंगे आणि परतताना पुन्हा तीच रांग. सोमवारी हा गृहस्थ कचेरीत पोचतो, तो सहलीचा शीण घेऊन.

हा केवळ थट्टेचा विषय असता, तर त्यावर अग्रलेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. पण १५ जून २०२५ रोजी, रविवारी, मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल सहलीला आलेल्या माणसांसकट कोसळला आणि चार जणांचे प्राण गेले. त्याच्या आदल्या वर्षी, ३० जूनला, भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. जुना पूल वेळीच का काढला नाही, धबधब्याच्या वाटेवर बंदोबस्त का नव्हता, हे प्रश्न सरकारला विचारलेच पाहिजेत. परंतु एक प्रश्न आपण स्वतःलाही विचारावयास हवा. साऱ्या मुंबई-पुण्याने मिळून त्याच चार धबधब्यांवर तुटून पडावे, इतके का आपले घराजवळचे जग ओसाड आहे?

आठवडाभर लोकलच्या गर्दीत चेंगरलेल्या माणसाला सहल हवीच. ती चैन नव्हे, गरज आहे. आमचे म्हणणे इतकेच, की तिच्यासाठी दर वेळी घाट ओलांडण्याचे कारण नाही.

उदाहरणादाखल आम्ही अंधेरीच घेतो. अंधेरी हे प्रेक्षणीय स्थळ आहे, असे तेथला कट्टर अभिमानी रहिवासीही म्हणणार नाही. पण स्थानकाच्या पश्चिमेला गिल्बर्ट हिल नावाचा काळा कातळ सुमारे २०० फूट सरळ उभा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून त्याचे हे उभे खांब बनले. अशा जातीचा खडक पाहण्यासाठी लोक अमेरिकेत वायोमिंगपर्यंत जातात. आपण येथे खाणी चालवल्या आणि जो भाग उरला, त्याला इमारतींचा व झोपड्यांचा वेढा घातला. माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. त्या देवीच्या भक्तांखेरीज या कातळाकडे मान वर करून पाहणारे किती असतील?

स्थानकाच्या पूर्वेला कोंडिवट्याची, म्हणजेच महाकालीची, बौद्ध लेणी आहेत. त्यांतील नवव्या लेण्यात एक विलक्षण गोष्ट आहे. शिल्पकारांनी कातळाच्या पोटात गोल झोपडीच्या आकाराची खोली कोरली, तिला झोपडीसारख्याच जाळीच्या खिडक्या ठेवल्या आणि आत स्तूप घडवला. गवतामातीचे घर केव्हाच मातीला मिळाले. त्याची दगडी आठवण मात्र राहिली. ‘महाकाली केव्हज रोड’ हा पत्ता असंख्य कचेऱ्यांच्या पाट्यांवर आहे. त्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षे खर्डेघाशी करणाऱ्यांपैकी कितीजण त्या नावातल्या लेण्यांत शिरले आहेत?

आणि जोगेश्वरी? लोकलच्या डब्यात हे नाव दिवसभर पुकारले जाते. ज्या देवीवरून ते पडले, ती एका प्रचंड शैव गुंफेत वस्ती करून आहे. अभ्यासक या गुंफेचा काळ सहाव्या शतकातला मानतात. ती घारापुरीच्याही आधीची असावी, असे त्यांतील काहींचे मत आहे. घारापुरीला १९८७ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला आणि लाँचमध्ये तासभर बसून पाहुण्यांना ती दाखवण्याचा आपला प्रघात आहे. जोगेश्वरीच्या गुंफेच्या मात्र अगदी अंगावर वस्ती आली, वरून पाणी झिरपून नक्षीदार खांब झिजले. तरी पायऱ्या उतरून त्या लांबच लांब मंडपात पाऊल टाकताच बाहेरचा कोलाहल मागे पडतो आणि मनुष्य नकळत आवाज खाली आणतो. ज्यांनी तेथे घरे बांधली, त्यांच्याकडे बोट दाखवणे सोपे आहे. या शहराने त्यांना दुसरीकडे डोके टेकवण्यास जागा दिली नाही, हेही तितकेच खरे. पण ज्यांना घरे होती, शिक्षण होते, लेखणी होती, त्या पांढरपेशांनी तरी या गुंफेसाठी किती वेळा आवाज उठवला?

येथेच आमच्या मते या प्रश्नाचे मर्म आहे. वाळकेश्वरच्या बाणगंगेचे उदाहरण पाहा. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याचा हा तलाव १७१५ मध्ये रामा कामत यांनी नव्याने बांधून काढला. जून २०२४ मध्ये त्यातला गाळ काढण्यासाठी उतरवलेल्या यंत्राने जुन्या पायऱ्या फोडल्या, तेव्हा एकच गवगवा झाला आणि कंत्राटदाराविरुद्ध गुन्हा नोंदवला गेला. हे का घडले? बाणगंगेवर रोज येणारी, तिच्या पायऱ्यांवर बसणारी माणसे होती, म्हणून. जेथे पाहणारा डोळा असतो, तेथे फोडणाऱ्याचा हात निदान थोडा तरी कचरतो. जे स्थळ कोणी पाहतच नाही, ते गेल्याची दादफिर्याद कोण करणार?

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला ‘एलिफंटा’ हे नाव दिले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत उचलताना पडून फुटला आणि पुढे त्याचे तुकडे सांधून तो उभा करण्यात आला. शेजारच्या राणीच्या बागेत पेंग्विन पाहण्यास रांगा लागतात. पेंग्विन मुलांनी अवश्य पाहावेत. पण दोन पावले पलीकडे जाऊन या सांधलेल्या हत्तीची कथाही त्यांना सांगावी. आपल्या वस्तूची किंमत परक्याला आधी कळली म्हणजे काय होते, हे त्यांना पाठ्यपुस्तकाशिवाय समजेल.

आमच्या वाचकांचा आक्षेप आम्ही जाणतो. तेथे घाण आहे, वाट सापडत नाही, बायकामुलांसाठी स्वच्छतागृह नाही. आणि माणसाला हिरवळ हवी, पाऊस हवा. हिरवळीसाठी बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आहे. त्यातल्या कान्हेरीला शंभरांहून अधिक लेणी असून, कातळात खोदलेल्या पन्हळींतून पावसाचे पाणी टाक्यांत उतरवण्याची भिक्षूंची व्यवस्था पावसाळ्यात आजही पाहता येते. घाणीचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो आम्ही महापालिकेच्या व पुरातत्त्व खात्याच्या दारात ठेवतो. स्थानकापासून स्थळापर्यंत ठळक मराठी पाट्या, वापरण्याजोगे स्वच्छतागृह, पुरेसा उजेड आणि चार ओळींची खरी माहिती, यांना कोट्यवधी रुपये लागत नाहीत. त्यासाठी लागते ती इच्छा; आणि ती उत्पन्न होते मागणीतून. जेथे नागरिक जातच नाही, तेथे नगरपित्याने का जावे?

शाळांनीही आपला वाटा उचलावा. लहान मुलांना ‘परिसर अभ्यास’ नावाचा विषय आहे. तो चार भिंतींत बसवून शिकवायचा आणि सहल मात्र मनोरंजन-नगरीत न्यायची, ही विसंगती मुख्याध्यापकांना खटकू नये काय? गोव्याहून लहानपणी मुंबईत आलेल्या गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ मध्ये ‘मुंबईचे वर्णन’ लिहून हे शहर मराठी वाचकाला दाखवले. आपल्याजवळ नकाशे आहेत, आगगाड्या आहेत, मेट्रो आहे. नाही ती फक्त दृष्टी!

शहरावर प्रेम असल्याचे आपण फार बोलतो. ज्याच्याशी ओळखच नाही, त्याच्यावरचे प्रेम हे शब्दांचे बुडबुडे होत. येत्या रविवारी मोटार घरीच ठेवावी, मुलांचे बोट धरावे, लोकलचे तिकीट काढावे आणि जोगेश्वरीला उतरावे. गुंफेच्या पायऱ्यांवर कचरा दिसला, तर सोमवारी विभाग कार्यालयाला एक पत्र लिहावे. अशी पत्रे शेकड्यांनी जाऊ लागली, म्हणजे त्या गुंफेलाही बाणगंगेसारखे वाली मिळतील.