टोळी फडावर, मुदत गावात

साथींनो, वनहक्काचा दावा फेटाळला तर वरच्या समितीकडे जायला साठ दिवस मिळतात. आपण बीडची माणसं. दिवाळी झाली की उचल घेतलेली टोळी कोयता घेऊन फडावर जाते, ती येते पाडव्याच्या सुमारास. मधेच कागद आला तर घरी कोण? म्हातारी अन् लेकरं. साठ दिवस कधी उलटले, कळतही नाही.

प्रशिक्षणं होतात, नाही असं नाही. तालुक्याला एक दिवस, भाषणं, जेवण, फोटो. शिकतो तरणा पोरगा, आणि तोच महिनाभरात ट्रकात बसतो. आमचं म्हणणं, मागं राहतात त्यांना आधी तयार करा. आजीला वाचता येत नसेल. पण कागद कोणत्या दिवशी आला ते कुणाकडून तरी लिहून घ्यायचं, अर्जाची पोच मागायची, ‘नामंजूर का, लेखी द्या’ म्हणायचं, एवढं चार बैठकांत येतं. शिवाय दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब नियमांत पुरावा धरला आहे. कोणतं रान कुणी कधी फोडलं, हे त्यांनाच ठाऊक.

दाव्याच्या ग्रामसभेला निम्मे सभासद लागतात, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. डिसेंबरात सभा लावली तर गणपूर्ती होणार कशी? तारीख भाद्रपदातच मागा. गायरानवाल्यांनीही १४ एप्रिल १९९० पूर्वीचा कब्जा दाखवायला एक-ई ची नक्कल तेव्हाच काढावी.

वस्तीवरून दोन नावं पोळ्यापर्यंत कळवा. दोघंही फडावर न जाणारी, त्यात एक बाई.