‘मॅडम, हे अपग्रेडमध्ये येतं!’

सॅम्पल फ्लॅट नावाची चीज बघितलीय कधी? बाहेर मे महिन्याचं ऊन, खडी, धूळ, मिक्सरची घरघर... आणि दार उघडलं की आत थंडगार एसी, मंद म्युझिक, डायनिंग टेबलवर मांडलेल्या प्लेट्स आणि बाउलमध्ये चकाचक सफरचंदं. (प्लॅस्टिकची. मी हात लावून बघितलं.) दोन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीबरोबर वाकडच्या पुढे अशाच एका साइटवर गेले होते. ती आणि तिचा नवरा, दोघंही हिंजवडीत आयटीत. मी फ्रीलान्सर, म्हणजे होम लोनच्या बाबतीत बँकेच्या लेखी मी जवळपास अदृश्य. त्यामुळे मला कुणी काही विकणार नव्हतं आणि मी निवांत बघत होते.

मैत्रीण फ्लोअरिंगवर खूश. सेल्सवाला मुलगा नम्रपणे म्हणाला, ‘‘मॅडम, हे अपग्रेडमध्ये येतं.’’ किचनच्या ट्रॉलीज? अपग्रेड. फॉल्स सीलिंग आणि त्यातले पिवळे दिवे? अपग्रेड. बाथरूममधला तो ऐसपैस शॉवर? तेच. शेवटी वैतागून तिनं विचारलं, ‘‘मग ८० लाखांत नक्की काय येतं?’’ तो हसला. ‘‘घर येतं ना, मॅडम!’’

उत्तर खरं तर प्रामाणिक होतं. घोळ असा आहे, की ८० लाखांत घरसुद्धा येत नाही.

हिशेब मांडू या. ८० लाखांचा, बांधकाम चालू असलेला टू बीएचके. परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत तो बसत नाही (तिथे ४५ लाखांची मर्यादा आहे आणि जीएसटी १ टक्का), म्हणून जीएसटी ५ टक्के, म्हणजे ४ लाख. पुणे, पिंपरी-चिंचवडमध्ये स्टॅम्प ड्यूटी सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. रजिस्ट्रेशनचे ३० हजार. मग ‘अदर चार्जेस’ नावाची एक ओळ, जिच्यात मीटर, क्लब हाउस, सोसायटी स्थापन करण्याचा खर्च आणि दोन वर्षांचा आगाऊ मेन्टेनन्स गुण्यागोविंदानं नांदत असतात. मैत्रिणीच्या कागदावर ते होते २ लाख ६० हजार. झाले साडेबारा लाख, आणि अजून एकही टाइल बदललेली नाही.

आता बँक. ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं, आणि या किमतीच्या घराला त्या हिशेबात स्टॅम्प ड्यूटी, रजिस्ट्रेशन धरत नाहीत. म्हणजे ६४ लाख बँकेचे, १६ लाख आपले, वर हे साडेबारा. एकूण साडेअठ्ठावीस लाख रुपये खिशातून. दोघांचं सेव्हिंग, म्युच्युअल फंड, पीएफमधून काढता येईल तेवढं, सगळं गोळा करून त्यांच्याकडे होते २९ लाख.

राहिले ५० हजार! आणि त्याच आठवड्यात अपग्रेडचं कोटेशन ई-मेलवर आलं.

मोठ्या टाइल्स १ लाख ८५ हजार. मॉड्युलर किचन १ लाख ९५ हजार. फॉल्स सीलिंग, लाइट्ससकट, ९५ हजार. बाथरूम फिटिंग्ज ६०. जादा इलेक्ट्रिक आणि एसी पॉइंट्स ४०. सेफ्टी डोअर आणि व्हिडिओ डोअर फोन २५. बेरीज बरोब्बर ६ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ७ लाख ८ हजार. खाली बारीक अक्षरांत, ‘ऑफर १५ दिवसांपुरती.’

इथे दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. एक, सेल्सवाल्यानं सुचवलं, ‘‘ईएमआयमध्ये बसवा ना, महिन्याला फक्त सहा हजारांनी वाढेल.’’ आकडा बरोबर होता. साडेआठ टक्के, वीस वर्षं, हप्ता साधारण ६,१०० रुपये. फक्त वीस वर्षांनी गुणायचं कुणी सांगत नाही. ते होतात जवळजवळ पावणेपंधरा लाख. ज्या ट्रॉलीचे चॅनेल आठ-दहा वर्षांत कुरकुरायला लागतात, तिचा हप्ता तुम्ही विसाव्या वर्षीही भरत असता.

दुसरी गोष्ट, कराडहून तिच्या बाबांचा फोन आला. ते रिटायर्ड शिक्षक. मुलीनं काही मागितलं नव्हतं, पण आईशी बोलताना कोटेशनचा विषय निघाला असणार. ‘‘किचनचे पैसे मी देतो. एफडी मोडतो एक. पैसे काय वर घेऊन जायचेत?’’ ती एफडी कशासाठी ठेवली होती, ते तिला माहीत होतं. आईच्या गुडघ्यांसाठी. त्या रात्री तिनं मला फोन केला आणि बराच वेळ टाइल्सबद्दलच बोलत राहिली.

मी काही फायनान्शियल प्लॅनर नाही, पण अशा विषयांवर लिहिताना चार सिव्हिल इंजिनिअर आणि एका वकिलाला पिडलेलं आहे. त्यामुळे तिच्याकडे शनिवारी गेले आणि आम्ही कोटेशनची सरळ चिरफाड केली. प्रश्न एकच ठेवला, ‘हे काम आत्ता केलं नाही, तर नंतर काय फोडावं लागेल?’

इलेक्ट्रिक पॉइंट्स? अख्खी भिंत. पाइप भिंतीत प्लॅस्टरच्या आधी जातात. वर्क फ्रॉम होमच्या टेबलापाशी तीन सॉकेट्स, बेडच्या दोन्ही बाजूंना चार्जिंग, दोन्ही बेडरूमना एसीचा पॉइंट आणि पाण्याच्या निचऱ्याची सोय, हे बिल्डरकडूनच करून घ्यायचं. बाथरूमच्या भिंतीतलं प्लम्बिंगही तसंच. शिवाय बाथरूमची फरशी तुम्ही मागाहून फोडली, की वॉटरप्रूफिंगची वाट लागते आणि खालचे काका छतावरचा डाग दाखवायला वर येतात. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष निघाला, तर रेरा कायद्यानुसार बिल्डरनं तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. पण फरशी तुम्हीच फोडलेली असेल, तर ‘हे तुमच्या मिस्त्रीनं केलं’ म्हणायला त्याला आयतं कारण मिळतं.

किचन ट्रॉलीज? काहीच फोडावं लागत नाही. ओटा तयार असतो, खाली मोकळी जागा असते. कुठलाही ट्रॉलीवाला येऊन माप घेतो. फॉल्स सीलिंगचंही तेच, राहायला गेल्यावर धूळ होते एवढंच. सेफ्टी डोअर एका दिवसाचं काम. ही तिन्ही कामं बाहेरून करून घेतली, तर चार कोटेशन्स मागवता येतात आणि घासाघीस करता येते. बिल्डरकडे कोटेशन एकच असतं आणि ऑफर १५ दिवसांची!

टाइल्सवर जरा अडखळलो. कारण नंतर बदलायच्या तर फोडाव्या लागतात हे खरं. पण इथे एक भारी प्रश्न सापडला, जो सगळ्यांनी विचारायलाच हवा. ८० लाखांत साध्या टाइल्स आणि साधे नळ धरलेले आहेतच ना? मग आम्ही ते घेतले नाहीत, तर त्यांचे पैसे वजा कुठे केलेत? कोटेशनमध्ये अपग्रेडची पूर्ण किंमत होती, फरकाची नव्हे. मैत्रिणीनं अगदी गोड भाषेत तसा मेल टाकला. बाथरूम फिटिंग्ज ६० हजारांवरून ३८ हजारांवर आल्या. टाइल्सवर मात्र ‘कंपनी पॉलिसी’ आडवी आली. मग तिनं सॅम्पल फ्लॅट सोडून, साइटवरच्या तयार झालेल्या एका मजल्यावर जाऊन साध्या टाइल्स बघितल्या. बऱ्या होत्या की! सॅम्पल फ्लॅटमध्ये साधी गोष्ट कुठेच दाखवलेली नसते, म्हणून आपण साधं म्हणजे भिकार असंच धरून चालतो. (जाताना मेजर टेप न्या. भिंतींच्या जाडीपासून पलंगाच्या लांबीपर्यंत सगळं मोजा.)

आता कागदांचं. हा भाग बोअर आहे, पण पैसा इथेच अडकतो. अपग्रेडचं कोटेशन अनेकदा वेगळ्या कागदावर असतं, अ‍ॅग्रीमेंटमध्ये नाही. अ‍ॅग्रीमेंटमध्ये घातलं तर त्यावरही स्टॅम्प ड्यूटी लागते, पण बँक ते किमतीत धरू शकते आणि दावा करायला रजिस्टर्ड कागद हातात असतो. वेगळं ठेवलं तर स्टॅम्प ड्यूटी वाचते, पण पैसे रोख मोजावे लागतात आणि वाद झाला तर तुमच्याकडे एक ई-मेल आणि एक पावती. रक्कम मोठी असेल तर मी पहिलाच मार्ग घेईन. नाहीतर निदान ब्रँड, मॉडेल, साइज आणि तारीख लिहिलेल्या सहीशिक्क्याच्या कागदाशिवाय एक रुपया देऊ नका. महाराष्ट्राच्या नमुना करारात फ्लोअरिंग आणि सॅनिटरी फिटिंग्जचा ब्रँड, आणि ब्रँड नसेल तर किमतीची रेंज, परिशिष्टात द्यावी असं म्हटलेलं आहे. ‘नामांकित कंपनीचे किंवा समतुल्य’ असं दिसलं, की ‘समतुल्य’वर बोट ठेवून थांबायचं. आणि हो, रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डर घेऊ शकत नाही. अपग्रेडचा १८ टक्के जीएसटी कशाच्या आधारे लावला, हेही लेखी विचारा.

‘इंटरेस्टवर टॅक्स वाचतो ना,’ असं म्हणणारे एक काका प्रत्येक घरात असतात. नव्या टॅक्स रिजीममध्ये स्वतः राहता त्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही, हे त्यांना प्रेमानं सांगा.

आणखी एक ८० हजारांची गंमत. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं, तर स्टॅम्प ड्यूटीत १ टक्का सवलत आहे, २०२१ पासून. ८० लाखांवर ८० हजार! मैत्रिणीनं हा विषय सासरी काढला. दोन मिनिटं कुणीच काही बोललं नाही, मग सासूबाईंनी चहा टाकला. अ‍ॅग्रीमेंट दोघांच्या नावावर झालं. ती म्हणते, ‘‘त्या घरातलं सगळ्यात महागडं अपग्रेड म्हणजे शांतता.’’

शेवटी त्यांनी बिल्डरला दिले पॉइंट्सचे ४० आणि बाथरूमचे ३८ हजार, जीएसटीसकट सुमारे ९२ हजार. ५० हाताशी होते, उरलेले नवऱ्याच्या बोनसमधून. खरी ओढाताण नंतर झाली, कारण ताबा मिळेपर्यंत भाडं आणि बँकेचं व्याज दोन्ही चालू होतं. ते महिने तिनं ऑफिसला डबा नेऊन काढले.

बाबांना तिनं सांगितलं, ‘‘किचन आत्ता करतच नाहीये.’’ त्यांना थोडं लागलं, असं ती म्हणते.

गेल्या महिन्यात वास्तुशांत झाली. आई-बाबा कराडहून आले, ते टेम्पोत जुनी स्टीलची मांडणी घालूनच. आई जिना टाळून लिफ्टनं वर आली, ऑपरेशनची तारीख दिवाळीनंतरची मिळालीय. ओट्याखाली अजून ट्रॉलीज नाहीत, चेक्सचा पडदा लावलाय. नवऱ्याचा जीव अजूनही फॉल्स सीलिंगमध्ये अडकलेला आहे. जेवताना तो दोनदा वर बघत होता.