मठ्ठ कोण?

एखाद्या पोराला पाढा येईना, की आम्ही मास्तर मंडळी त्याच्या कपाळावर ‘मठ्ठ’ असा शिक्का मारून मोकळे होतो. मीही वीस वर्षे मारला. आता हात अडखळतो.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात सोयाबीन-तुरीवर फवारणी लागली, की पंपात ओतायचे पाणी बाया वाहतात. त्यांतली एखादी गर्भारही असते. पंप पुरुषाच्या पाठीवर, म्हणून विष त्याच्याच वाट्याचे, असा आमचा समज! ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचे हे औषध (विषाला औषध म्हणणारे आपणच) किडीच्या मज्जातंतूंतले एक विकर बंद पाडते. तेच विकर गर्भाच्या वाढत्या मेंदूतही असते.

मात्रेत मारले तर काही होत नाही, असे दुकानदार सांगतो. मात्रा कोणाची? कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्यातल्या आया काही विष प्यालेल्या नव्हत्या. गर्भारपणी ज्यांच्या लघवीत याचे अंश सर्वांत जास्त, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक सातव्या वर्षी, सर्वांत कमी अंशवाल्या आयांच्या मुलांपेक्षा, सरासरी 7 गुणांनी खाली भरला. हे 2011 साली छापून आले. उपासमारही बुद्धी खाते, हे मी नाकारीत नाही. पण तिच्या आड दडायचे किती?

2013 साली बिहारात शाळेच्या जेवणातून मोनोक्रोटोफॉसने 23 मुले गेली. 2017 साली यवतमाळात फवारणी करणारे वीसहून अधिक मेले. मेले, म्हणून मोजले गेले. ज्यांची नुसती बुद्धी छाटली, त्यांचा पंचनामा कोणता तलाठी करणार?

परवा चौथीतल्या पोराने प्यायचे पाणी आणले त्या डब्यावरचा लाल शिक्का अजून पुसलेला नव्हता.