काखेतली गाठ आणि घरातले मांजर

दहा वर्षांच्या मुलीला घेऊन एक आई दवाखान्यात आली. मुलीच्या उजव्या काखेत सुपारीएवढी गाठ, अंगात बारीक ताप. “टीबी तर नाही ना, डॉक्टर?” तिने विचारण्यापूर्वीच ती शंका माझ्या मनात येऊन गेली होती. तपासण्यांची चिठ्ठी हातात देताना मुलीच्या मनगटाकडे लक्ष गेले. तेथे सुकत आलेला ओरखडा होता, त्यालगत लहानशी पुळी. “तीन आठवडे झाले. मनीच्या पिल्लानं बोचकारलं,” ती म्हणाली. घरात मांजर आहे का, हे मी आधीच विचारावयास हवे होते.

आपल्या आज्या ज्याला ‘अवधाण’ म्हणत, त्यातलाच हा प्रकार. कारण मात्र ‘बार्टोनेला हेन्सेली’ हा जिवाणू. पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ रोबेर देब्रे यांनी १९५० साली या आजाराचे वर्णन केले. जिवाणूची ओळख पटावयास आणखी चार दशके गेली. पिसू बाधित मांजराचे रक्त पिते आणि जिवाणू तिच्या विष्ठेतून बाहेर पडतात. मांजर अंग खाजवते तेव्हा ती विष्ठा नखांत अडकते आणि ओरखड्यावाटे माणसाच्या शरीरात शिरते. मांजराच्या रक्तात हे जिवाणू महिनोन्महिने राहतात, तरी ते बहुधा ठणठणीतच दिसते. वर्षाच्या आतील पिल्लांत हा संसर्ग अधिक आढळतो.

क्षयाची तपासणी मात्र टाळू नये. आम्हीही टाळली नाही. सुईने घेतलेल्या नमुन्यात क्षय आढळला नाही, रक्तचाचणीत बार्टोनेला निघाला आणि सहा महिन्यांची औषधे टळली. ही गाठ बहुधा दोन ते चार महिन्यांत आपोआप विरते. क्वचित प्रतिजैविक द्यावे लागते. ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे किंवा हृदयाच्या झडपा सदोष आहेत, त्यांच्यासाठी हा आजार गंभीर ठरू शकतो. दृष्टी अंधुक झाल्यास मुळीच थांबू नये.

तीन आठवड्यांनंतरही पिल्लू धडधाकट होते, म्हणून रेबीजची धास्ती उरली नव्हती. आपण मात्र इतके थांबू नये. ओरखडा साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावा आणि लशीविषयी त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

वडील पिल्लू मंडईत सोडून येण्याच्या विचारात होते. मी त्यांना पशुवैद्याकडे पाठविले. पिसवांवर मांजरांसाठीचेच औषध घ्यावे, असे बजावलेही. कुत्र्यांच्या काही औषधांतील परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेतते. पुढच्या भेटीत गाठ हरभऱ्याएवढी उरली होती, आणि पिल्लाची नखे कोणी कापावी यावरून घरात वाद चालू होता.