जंतूंची लोहचोरी आणि आपले लोहकल्प

महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताल्पता आहे, असे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. साहजिकच नवायस लोह, पुनर्नवा मंडूर, धात्री लोह हे कल्प आपल्या चिकित्सालयांत रोज दिले जातात. लोह किती द्यावे याची चर्चा आपण पुष्कळ करतो. ते केव्हा देऊ नये याची मात्र क्वचितच. हा दुसरा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनावर ठसविणारी एक सोपी परीक्षा आहे. ती प्रत्येक आयुर्वेद महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत व्हावी, असे आमचे आग्रहाचे मत आहे.

बहुतेक जंतूंना वाढीसाठी लोह लागते. शरीर ते मोकळे ठेवत नाही. रक्तातील ट्रान्सफेरिन आणि स्तन्यातील लॅक्टोफेरिन त्याला बांधून ठेवतात. यावर मात करण्यासाठी अनेक जंतू सिडेरोफोर नावाची लोहबंधक द्रव्ये बाहेर सोडतात. ही द्रव्ये लोह हिसकावून जंतूच्या पेशीत नेतात. ती ओळखण्याची पद्धत श्विन आणि नीलँड्स यांनी 1987 साली प्रसिद्ध केली. क्रोम अझुरॉल एस हा रंग लोहाशी बांधला गेला असता निळा दिसतो. त्या निळ्या माध्यमावर जंतू वाढविले आणि त्यांनी लोह ओढून घेतले, की वसाहतीभोवती नारिंगी वलय उमटते. एकदोन दिवसांत विद्यार्थ्याला ही चोरी उघड्या डोळ्यांनी दिसते.

आमच्या नरसी नामदेव परिसरात हळदीच्या कंदकुजीवर स्यूडोमोनास फ्लुरोसन्सची भुकटी वापरली जाते. बेणेप्रक्रियेसाठी ती कृषी सेवा केंद्रात मिळते. हा उपयुक्त जंतू रोगकारक बुरशीला ज्या मार्गांनी रोखतो, त्यांपैकी एक हाच : सिडेरोफोर सोडून तो तिच्या वाट्याचे लोह पळवितो. शिकविण्यासाठी याहून सोयीचा जंतू कोणता? अतिनील प्रकाशात त्याचे सिडेरोफोर हिरवट-पिवळे चमकते, हे आणखी सोयीचे. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात (2018 पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने) प्रा. चिंचोलकर यांनी या द्रव्यांवर संशोधन केले. अजित वर्मा यांच्यासह त्यांनी संपादित केलेला या विषयावरील ग्रंथ 2007 साली निघाला. विषय परका नाही, आपल्या महाविद्यालयांच्या दारापर्यंत तो आलेला आहे.

आता चिकित्सेकडे वळू. ज्वर किंवा संसर्ग चालू असता यकृतातून हेप्सिडिन अधिक स्रवते आणि आतड्यातून लोहाचे शोषण घटते. म्हणजे तापातील रुग्णाला दिलेला मंडूर रक्तात फारसा पोहोचत नाही. बराचसा आतड्यातच राहतो, आणि तेथील जंतूंना तो उपलब्ध होऊ शकतो. टांझानियातील पेम्बा बेटावर हिवतापाच्या प्रदेशात लहान मुलांना सरसकट लोह व फोलिक आम्ल देण्याचा मोठा प्रयोग झाला. 2006 साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार गंभीर आजार वा मृत्यूचा धोका 12 टक्क्यांनी वाढला होता. त्याच अभ्यासाच्या एका उपगटात मात्र, जेथे तपासणी आणि हिवतापाचे उपचार नीट होत होते, तेथे खऱ्या लोहन्यूनतेच्या मुलांना लाभ झाला. दोष लोहाचा नव्हता. न तपासता देण्याचा होता.

ज्वरात आधी लंघन-पाचन आणि पांडूत आधी शोधन, हा क्रम आपण पाठ करतो आणि व्यवहारात गुंडाळून ठेवतो. फिकट डोळे दिसले की मंडूर, मग अंगात कणकण असो वा मूत्रमार्गाचा दाह. अशा वेळी लोहकल्प थांबवावा, संसर्गाचा उपचार आधी करावा, आणि ताप उतरल्यावर हिमोग्लोबिन व शक्य तेथे फेरिटिन पाहून तो सुरू करावा. (फेरिटिन संसर्गात खोटे वाढते, म्हणून तेही तापात पाहू नये.) गर्भिणीचा प्रश्न वेगळा आहे, तेथे प्रसूतितज्ज्ञाला न विचारता लोह बंद करू नये. चरकाला सिडेरोफोर ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह मात्र आवरावा. क्रम उपयोगी आहे, एवढे पुरे.

औषधनिर्मात्यांनाही येथे एक सूचना आहे. त्रिफळा क्वाथ किंवा हळदीचा अर्क या निळ्या द्रवात टाकला, तरी रंग बदलू शकतो. हिरड्यातील कषाय द्रव्ये आणि कर्क्युमिन स्वतःच लोह बांधतात. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई आपल्या पूर्वजांनी याच गुणावर केली. पण परीक्षानळीतील रंग बदलला म्हणून औषध जंतुघ्न ठरत नाही. उद्या कोणी तसे छायाचित्र माहितीपत्रकावर छापू नये, यासाठी हे आधीच नोंदवितो.

खर्चाची सबब पटण्यासारखी नाही. एक लिटर माध्यमाला हा रंग 60.5 मिलिग्रॅम लागतो. छोटी बाटली कित्येक तुकड्यांना पुरते. खरी मेहनत काचसामानाची : ते विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने विसळून ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावे लागते, अन्यथा बोअरच्या पाण्यातील लोहच परीक्षा बिघडविते. ज्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राची सोय नाही, त्याने जवळच्या विज्ञान महाविद्यालयाशी बोलून रोगनिदानाच्या दोन तासिका तेथे घ्याव्यात.