मजुरीचेही माप असते

ब्रह्मपुरीच्या बाजार समितीत धान विकून निघालेल्या शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टी पडते, तेव्हा तिच्यात धानाची किंमत एका ओळीत आणि हमाली, तोलाई निराळ्या ओळींत लिहिलेली असते. राइस मिलमध्ये भरडाईचा दर वेगळा बोलला जातो. सराफाच्या पेढीवर सोन्याचा भाव आणि घडणावळ यांची गल्लत कोणी होऊ देत नाही. व्यापारी घराण्यात वाढलेल्या माणसाला मालाची किंमत आणि श्रमाची किंमत यांतला भेद शिकवावा लागत नाही. परंतु तोच माणूस नव्या मोटारीत स्पीकर आणि ॲम्प्लिफायर बसवून घेण्यास जातो, तेव्हा ‘सगळे मिळून किती?’ एवढेच विचारतो आणि ‘फिटिंग फ्री’ हे शब्द ऐकून समाधान पावतो.

फुकट मजुरी नावाची वस्तू बाजारात नाही. तिचे पैसे एक तर मालाच्या किमतीत मिसळलेले असतात, किंवा काम करणाऱ्या मुलाच्या पगारातून कापलेले असतात, किंवा चार तासांचे काम दीड तासात उरकून वसूल केलेले असतात. पहिल्या प्रकारात ग्राहकाची फसगत होते, दुसऱ्यात कारागिराची. तिसऱ्यात मात्र मोटारीत बसणाऱ्या सगळ्या कुटुंबालाच धोका असतो.

हे काम जोखमीचे का, ते एका साध्या गणिताने कळते. घरात ५०० वॅटचे उपकरण २३० व्होल्टवर चालते, तेव्हा तारेतून सुमारे सव्वादोन अँपिअर प्रवाह जातो. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची. तेवढ्याच शक्तीसाठी तिथे चाळीस अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. ही तार इंजिनाजवळून पत्र्याच्या छिद्रातून आत येते आणि गालिच्याखालून मागे डिकीपर्यंत जाते. छिद्राला रबरी बूच नसेल, तर पत्र्याची धार हळूहळू तारेचे आवरण कापते. बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत फ्यूज नसेल, तर अशा वेळी प्रवाह तोडणारे काहीच उरत नाही आणि तार पेट घेऊ शकते. नागभीडकडच्या जंगलातल्या रस्त्यावर रात्री हा प्रसंग कोणावर येऊ नये. मजुरी दिली जाते ती या काळजीची. चार स्क्रू आवळण्याचे काम कोणीही करील.

आता वाजवी मजुरी कशी ठरवावी, ते पाहू. मोठ्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक कामाला ठरावीक तास मानलेले असतात. त्या तासांना तासाच्या दराने गुणून मजुरी निघते. छोट्या गावातही हीच रीत लागू पडते. पुढील आकडे केवळ रीत समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा, एका दुकानात दोन कारागीर आहेत. भाडे, वीज, पगार, हत्यारांची झीज धरून महिन्याचा खर्च ६०,००० रुपये. महिन्याचे २५ दिवस, दिवसाचे ८ तास, माणसे दोन; म्हणजे कागदावर ४०० तास झाले. भागाकार केला तर तासाला १५० रुपये येतात. ग्राहक मनात हाच हिशेब करतो आणि तो चुकतो. दुकान उघडे असते म्हणून काम असतेच असे नाही. लग्नसराई आणि दिवाळी सोडली, तर ब्रह्मपुरीसारख्या गावात निम्मे तास वाट पाहण्यात जातात. प्रत्यक्ष कामाचे तास २०० धरले, तर खर्चच तासाला ३०० रुपये होतो. त्यावर नफा आणि काम बिघडल्यास पुन्हा करून देण्याची जोखीम यांसाठी वीस टक्के धरले, की ३६० रुपये होतात. स्वतःच्या दुकानाचे शटर सकाळी उघडून रात्री ओढणाऱ्यास हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढचा प्रश्न तासांचा. कंपनीच्याच जागेत, तयार कपलर वापरून दोन दारांचे स्पीकर बदलणे हे दीड तासाचे काम. स्क्रीन बसवून तिला मागचा कॅमेरा जोडण्यास अडीच-तीन तास लागतात. ॲम्प्लिफायर आणि सबवूफर यांना सुमारे चार तास. दारांच्या पत्र्याला आतून कंपन शोषणारी पट्टी चिकटवायची असेल, तर दिवस मोडतो. शेवटी आवाजाची जुळणी करण्यास एक तास. घाईच्या कामात हाच तास पहिल्यांदा कापला जातो, आणि मग महाग स्पीकरही फाटका वाजतो.

म्हणजे चार स्पीकर, ॲम्प्लिफायर, सबवूफर आणि जुळणी मिळून आठ तास. ३६० च्या दराने २,८८० रुपये. अशा कामाचे गावातल्या कारागिराने ३,००० सांगितले, तर ते रास्त आहेत. ६,००० सांगितले, तर कोणते जादा काम आहे, ते विचारावे. ८०० सांगितले, तर अधिकच बारकाईने विचारावे.

मालाच्या किमतीच्या अमुक टक्के मजुरी, हे मात्र माप नव्हे. तीन हजारांच्या स्पीकरला जेवढे स्क्रू, तेवढेच बारा हजारांच्याला. माल ऑनलाइन मागवून केवळ बसविण्यास नेला, तर कारागीर थोडी अधिक मजुरी मागतो. त्याचा मालावरचा नफा गेलेला असतो. ती आधी सांगितलेली असेल, तर त्यात अन्याय नाही. चांगल्या मालाला मुद्दाम नावे ठेवून स्वतःचा माल गळ्यात मारणे, हा अन्याय होय.

नागपूरला स्वस्त होते म्हणून जाणाऱ्याने जाण्यायेण्याचे दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर, तेरा-चौदा लिटर इंधन आणि पेढीचा एक दिवस हिशेबात धरावा. तक्रार निघाली तर हाच प्रवास पुन्हा. शिवाय गरज किती, याचेही परिमाण असावे. प्रवासात स्तवन आणि प्रवचन ऐकणाऱ्या कुटुंबाला स्पष्ट मानवी आवाज हवा असतो; त्यासाठी पुढचे दोन चांगले स्पीकर बहुधा पुरतात.

काम झाल्यावर पाहण्याच्या खुणा थोड्या आहेत. मोटारीच्या मूळ तारा कापलेल्या नसाव्यात. कापल्या तर विद्युत भागाची हमी नाकारली जाऊ शकते. अर्थची तार रंग खरवडून स्वच्छ पत्र्याला आवळलेली असावी. सिग्नलची तार आणि बॅटरीची तार एकाच बाजूने नेलेली नसावी, अन्यथा इंजिनाचा सूं आवाज स्पीकरमध्ये येतो. एअरबॅगच्या तारांना हात लागलेला नसावा.

आणि बिल अवश्य घ्यावे. त्यात माल व मजुरी वेगळी असावी, तारेची जाडी आणि धातू लिहिलेला असावा. बाहेरून बसविलेल्या विद्युत उपकरणांची वाहन विम्यात वेगळी नोंद करावी लागते. तिथे हेच बिल लागते. या सेवेवर जीएसटी १८ टक्के आहे. पण नोंदणी नसलेल्या छोट्या कारागिराला तो आकारता येत नाही. बिल फर्मच्या नावे करून घेतले, तरी प्रवासी मोटारीच्या अशा कामावर सामान्य व्यापाऱ्याला कराची वजावट मिळत नाही. त्यासाठी धडपड करू नये.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार आहेत, त्यांत हीनाधिकमानोन्मान म्हणजे खोटी मापे, आणि प्रतिरूपकव्यवहार म्हणजे खऱ्याच्या जागी तसेच दिसणारे देणे, हे दोन येतात. ॲल्युमिनियमच्या तारेला तांब्याचा मुलामा देऊन ती तांब्याची म्हणून विकणे, हा दुसऱ्याचा आजचा नमुना. ॲल्युमिनियम तांब्याच्या सुमारे साठ टक्केच वीज वाहते. म्हणून तेवढ्याच जाडीत ती तार अधिक तापते. हा दोष विकणाऱ्याचा. परंतु खोटे माप घेणाऱ्याच्या हातीही असू शकते. ठरलेली मजुरी काम झाल्यावर घासाघीस करून कमी करणे, हे श्रम पूर्ण मापाने घेऊन मोल उण्या मापाने देणेच आहे. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध सांगितले आहेत. वरातीला मोटार हवी म्हणून कारागिराला रात्री अकरापर्यंत राबवायचे आणि पैसे ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणायचे, यात दोन्ही येतात. भाव करायचा तो कामाआधी करावा, आणि मालाच्या ओळीत करावा.

हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात मार्गानुसारी गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले, त्यांत पहिला न्यायसंपन्नविभव आहे. मोटारवाल्या दुकानदाराकडून न्यायाची अपेक्षा करणाऱ्यांपैकी अनेकांची स्वतःची पंख्यांची, फर्निचरची, पाण्याच्या मोटारींची दुकाने आहेत आणि काहींच्या दारावर ‘फिटिंग फ्री’ची पाटी आहे. पंखा टांगण्यास शिडीवर चढणाऱ्या मुलाला त्या फुकट फिटिंगचे किती मिळतात, हे ज्याच्या त्याच्या खातेवहीत आहे. ती ओळ कोरी असेल, तर आधी ती भरावी. मोटारीच्या बिलाची चौकशी त्यानंतर करावी.